मेडिकलमध्ये ‘अनफिट’ आलं आणि परत पाठवताहेत: पहिल्या काही दिवसांत काय करायचं

बडोद्यात दांडिया बाजारात माझं झेरॉक्स आणि कागदपत्रांचं दुकान आहे. पासपोर्टचे फॉर्म, नोटरी, ॲटेस्टेशन, पोलीस क्लिअरन्स ही रोजची कामं. मकरपुरा जीआयडीसीत, नंदेसरीत, कोयलीच्या रिफायनरीत हात बसलेले फिटर, वेल्डर, रिगर इथून दुबई, सौदी, कतारला जातात आणि जाताना त्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्यातल्या काहींचा फोन मग वर्ष-दोन वर्षांनी येतो, बहुतेक वेळा रात्री, कॅम्पच्या जिन्यातून, आवाज दाबून: “काका, मेडिकलमध्ये उडालो. घरी पाठवताहेत.”

हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि इथे घरी फोन उचलणाऱ्या बायको, भाऊ, वडिलांसाठीही. आजाराचं डॉक्टर बघतील. पण त्या पहिल्या दोन-चार दिवसांत जो कागद हातचा गेला तो नंतर बडोद्यात बसून मिळत नाही, आणि माणूस खचलेला असतो तो नेमका त्याच दिवसांत. म्हणून मी आधी एवढंच सांगतो: आज कशावरही सही करू नकोस, रिपोर्टचा फोटो काढ आणि पाठव.

कशात अनफिट, हे आधी विचारा

कंपनीचा पीआरओ, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणारा माणूस, तोंडी सांगतो, “तू अनफिट आहेस, सामान बांध.” आजाराचं नावही पुष्कळांना सांगितलेलं नसतं. आखाती देशांत मेडिकलला मुख्यतः छातीचा एक्स-रे काढतात आणि रक्त तपासतात. एक्स-रे क्षयासाठी. रक्त एचआयव्हीसाठी, आणि देश व कामाचा प्रकार पाहून कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस यांच्यासाठी. त्यामुळे पहिला प्रश्न: एक्स-रेमध्ये अडकलं की रक्तात? दुसरा: पक्कं करण्यासाठी दुसरी तपासणी झाली का? तिसरा: हे मेडिकल नव्या व्हिसाचं आहे की नूतनीकरणाचं? या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. रिपोर्ट तुमचा आहे, त्याची प्रत मागायला घाबरू नका. एक्स-रेची फिल्म किंवा सीडीही मागा. इथल्या डॉक्टरला ‘छातीत डाग आहे’ या वाक्याचा काही उपयोग नसतो, त्याला डाग बघायचा असतो.

आता रक्ताचं. एचआयव्हीची पहिली चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली म्हणजे निदान झालं असं नाही, ते दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीनं पक्कं करावं लागतं. सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणी आजार नसतानाही कधीकधी पॉझिटिव्ह दाखवते, आणि टीपीएचए चाचणी उपचार पूर्ण होऊन बरं झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून पूर्वी उपचार घेतले असतील तर त्याचा कागद लागतो. कावीळ बीची लस घेतल्यानंतर साधारण तीन आठवड्यांच्या आत रक्त दिलं तर एचबीएसएजी, म्हणजे कावीळ बीची रक्तचाचणी, थोड्या काळापुरती पॉझिटिव्ह दिसू शकते. हे फार कमी जणांना माहीत असतं. लस नुकतीच घेतली असेल तर ते तिथल्या डॉक्टरला सांगा, लसीचं कार्ड दाखवा आणि काही दिवसांनी परत तपासणी मागा.

एक्स-रेमधला प्रत्येक डागही चालू क्षयाचा नसतो. जुन्या न्यूमोनियाची खूण असते, लहानपणी बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असतो. ज्यांनी गोध्र्याकडे दगड दळण्याच्या कारखान्यात किंवा कुठेही सँडब्लास्टिंगचं काम केलंय त्यांच्या फुप्फुसात सिलिकाच्या धुळीनं झालेल्या खुणा असतात आणि त्या क्षयासारख्या दिसू शकतात. चालू क्षय आहे की नाही हे थुंकीच्या तपासणीवर ठरवतात, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर. तेव्हा “थुंकी तपासली का?” हे विचारायचंच.

दुबई-अबुधाबीत क्षय निघाला तर

इथे थोडं सावकाश सांगतो, कारण इथेच लोक विनाकारण परत येतात.

संयुक्त अरब अमिरातीत २०१६ च्या मंत्रिमंडळ ठरावानं नियम बदलला. जो माणूस आधीपासून तिथे राहतो आणि व्हिसा नूतनीकरणाच्या मेडिकलमध्ये ज्याच्या फुप्फुसात जुना व्रण, चालू क्षय किंवा औषधांना दाद न देणारा क्षय निघतो, त्याला थेट हाकलायचं नाही. त्याला सशर्त फिटनेस प्रमाणपत्र मिळतं, उपचार तिथेच घ्यायचे असतात आणि व्हिसा एका वर्षाचा लागतो. नव्यानं येणाऱ्याला मात्र ही सवलत नाही, त्याला जुना व्रणही नडतो.

माझा भाचा अबुधाबीकडे पाइप फिटर आहे. नूतनीकरणाच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वर डाग निघाला आणि त्याच संध्याकाळी फोरमननं त्याला कामावरून बसवलं. मला फोन आला, “मामा, परवाचं तिकीट काढताहेत.” त्याला सातवीत असताना क्षय झाला होता आणि सरकारी दवाखान्याचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला होता, हे त्याला स्वतःलाच नीट आठवत नव्हतं. ताईला आठवत होतं. तिनं प्रतापनगरच्या घरातली लोखंडी पेटी उपसली आणि लग्नपत्रिकांच्या, वीजबिलांच्या खालून ते उपचाराचं कार्ड काढलं. कडा कुरतडलेल्या, पण औषध घेतल्याच्या तारखांवरच्या खुणा आणि शेवटचा ‘उपचार पूर्ण’चा शिक्का स्पष्ट. मी ते दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवलं. भाचा ते घेऊन स्वतः सरकारी मेडिकल केंद्रात गेला, पीआरओच्या भरवशावर राहिला नाही. थुंकीच्या तपासण्या झाल्या, जंतू निघाले नाहीत, सशर्त प्रमाणपत्र मिळालं आणि एका वर्षाचा व्हिसा लागला.

सगळ्यांना असं मिळेल असं मी म्हणत नाही. कंपनीला माणूस ठेवायचाच नसेल तर ती करार संपवू शकते. पण ‘देशाचा कायदा तुला राहू देत नाही’ आणि ‘कंपनीला तू नकोस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पीआरओ दुसरीला पहिलीचं नाव देतो. कोणती आहे ते केंद्रात जाऊन स्वतः विचारा. आणि घाईनं बाहेर पडू नका. एकदा व्हिसा रद्द करून देश सोडला आणि नव्या व्हिसावर परत गेलात, तर नव्या माणसाचा नियम लागतो.

चालू क्षय असेल तर आणखी एक. थुंकीत जंतू असताना विमानात बसायचं नाही. नीट उपचाराचे निदान दोन आठवडे झाल्यावरच प्रवास करावा असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात त्याहून बराच जास्त काळ थांबावं लागतं. शेजारच्या सीटवरच्या माणसाचाही विचार आहे यात. कंपनी उद्याचं तिकीट काढत असेल तर हाच मुद्दा डॉक्टरकडून लिहून घ्या.

सेटलमेंटचा कागद

वाडीतल्या एका वेल्डरनं मला जो कागद पाठवला होता तो मी विसरू शकत नाही. अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी, एकच पान. ‘माझी सर्व देणी मला मिळाली असून माझा कंपनीवर कोणताही दावा नाही’ एवढंच लिहिलेलं. खाली सहीची जागा. आकड्याची जागा कोरी. त्याला सांगितलं होतं, सही कर, पासपोर्ट विमानतळावर मिळेल.

आकडा कोरा असलेल्या कागदावर सही करू नका. पासपोर्ट अडवून ठेवायचा मालकाला अधिकार नाही, अमिरातीतही नाही आणि सौदीतही नाही. आणि हिशेब स्वतः करा, तो अवघड नाही. अमिरातीत वर्ष पूर्ण केलेल्या माणसाला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो, पाच वर्षांपुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. समजा मूळ पगार १,२०० दिरहम आणि नोकरी चार वर्षं. एका दिवसाचे ४० दिरहम, चार वर्षांचे ८४ दिवस, म्हणजे ३,३६० दिरहम. शिवाय न घेतलेल्या रजेचे पैसे आणि चालू महिन्याचा पगार वेगळा. मुलं इथे दोन चुका करतात. भत्ते धरून २,००० वर हिशेब मांडतात आणि मग कंपनी खोटं बोलते म्हणून भांडतात, किंवा आजारी आहोत म्हणजे काही मिळणारच नाही असं समजून हात जोडतात. आजारामुळे ग्रॅच्युइटी बुडत नाही. हातात करार घ्या, ‘बेसिक’समोरचा आकडा बघा आणि तो धरून चाला. करार संपल्यापासून १४ दिवसांत हे पैसे द्यायचं बंधन तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात आहे. सौदीत शेवटचा पगार धरतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा, पुढे दर वर्षाला एका महिन्याचा.

आजारपणाची रजाही विसरू नका. अमिरातीत प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, बाकीचे बिनपगारी. सौदीत १२० दिवस: ३० पूर्ण पगारी, ६० पाऊण पगारी, ३० बिनपगारी. कामावरून बसवलेले दिवस गैरहजेरीत मांडले असतील तर डॉक्टरचा कागद लावून ते रजेत घालून घ्या.

पैसे मिळण्याआधी निघावंच लागलं, तर निघण्यापूर्वी तिथे विश्वासाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. इथे आल्यावर तेच पत्र करायचं म्हणजे नोटरी, राज्याचं, परराष्ट्र मंत्रालयाचं आणि काही देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचंही ॲटेस्टेशन अशी रांग लागते. हे मी रोज करून देतो आणि त्यात किती वेळ जातो ते मला माहीत आहे.

मदत कुणाकडे मागायची

अमिरातीतून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर ८००-४६३४२. बाकी देशांत थेट भारतीय दूतावासाचा कामगार विभाग. भारतातून घरच्यांसाठी १८००-११-३०९०. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरी बसून तक्रार टाकता येते आणि तिचा नंबर मिळतो. तो नंबर जपून ठेवा, दूतावासाशी पुढचं प्रत्येक बोलणं त्याच नंबरावर करा. तक्रारीत आजाराचं वर्णन नको. ‘वैद्यकीय कारणावरून करार संपवला, एवढी देणी बाकी, पासपोर्ट कंपनीकडे’ एवढं पुरतं. अगदी हातात काहीच नसेल, तिकिटाचे, राहण्याचे पैसे नसतील, तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो अशाच अडकलेल्या, गरजू माणसांसाठी आहे. मागायला लाज वाटू देऊ नका.

ज्यांचा पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे ज्यांना कामाला परदेशी जायला सरकारी मंजुरी लागते असे, साधारणपणे दहावी न झालेले, आणि जे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घेऊन गेलेत, त्यांच्याकडे प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. लोकांना वाटतं ती फक्त अपघाती मृत्यूच्या १० लाखांची आहे. पण विमा घेतल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरवून मालकानं करार संपवला, तर परतीचं साध्या वर्गाचं विमानभाडंही त्यात मिळतं. त्यासाठी परत पाठवण्याचं कारण भारतीय दूतावासानं प्रमाणित केलेलं हवं, मूळ तिकीट हवं आणि प्रवास संपल्यापासून ९० दिवसांत दावा हवा. बोर्डिंग पास फेकू नका. माझा भाचा आयटीआय झालेला, पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे मंजुरी न लागणारा, म्हणून त्याला हा विमा नव्हता. तुमचा कोणता आहे ते आजच बघा.

अनुभवाचं प्रमाणपत्रही मागून घ्या. अमिरातीचा कायदा मालकाला ते फुकट द्यायला लावतो आणि कामगाराच्या नावाला बट्टा लागेल असं काही त्यात लिहू देत नाही. दहेजच्या किंवा कोयलीच्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या कामाला, ठेकेदार तोच कागद बघतो. ‘परत का आलात’ला ‘करार संपला’ हे पुरेसं आणि खरं उत्तर आहे.

घरी आल्यावर

आल्या आल्या सयाजी हॉस्पिटल किंवा गोत्रीचं सरकारी हॉस्पिटल. “चार दिवस आराम करतो, मग बघू” असं नको. तिथून आणलेला रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्या, पण इथे तपासणी नव्यानं करून घ्या.

क्षयाचे उपचार सरकारात पूर्ण फुकट आहेत, साध्या क्षयात सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खासगी डॉक्टरकडे गेलात तरी नाव क्षयरुग्णांच्या सरकारी नि-क्षय पोर्टलवर नोंदवून घ्या. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० ची १,००० झाली. तिथे गोळ्या सुरू झाल्या असतील तर मधल्या प्रवासात एक दिवसही खंड पडता कामा नये. पुरेशा गोळ्या आणि औषधांची यादी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करा.

एचआयव्ही असेल तर आखाती देशांत राहण्याची वाट बहुतेक बंदच होते, तिथे झगडण्यात शक्ती घालवू नका. हिशेब घ्या आणि या. हे मला जड अंतःकरणानं लिहावं लागतंय, कारण एका कागदावर ज्यांची नोकरी गेली ती माणसं कामाला तितकीच धडधाकट होती. सयाजीत एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र, आहे. औषध फुकट मिळतं, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, की शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. माणूस काम करतो, संसार करतो, मुलं होतात. माहितीसाठी १०९७ नंबर आहे, फुकट.

कुणाला सांगायचं? बायकोला सांगायचंच, आणि तिची तपासणी करायचीच. सेंटरमधले समुपदेशक त्या बोलण्यात मदत करतात, दोघांनी मिळून जा. आई-वडील, भावकी, सोसायटी, एजंट यांना सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करणं, माहिती फोडणं, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं या सगळ्याला त्यानं मनाई केली आहे. घरच्यांना हात जोडून सांगतो: विमानतळावरून आणलेल्या माणसाला पहिल्या रात्री ‘काय केलंस तिकडे’ विचारू नका. त्याला जेवू घाला आणि सकाळी बरोबर दवाखान्यात जा.

धाकटा भाऊ निघाला असेल तर

एकजण परत आला की कर्ज फेडायला दुसऱ्याला पाठवायची घाई होते. एजंटला पैसे देण्याआधी त्याच्या छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या इथे स्वतः करून घ्या. काही निघालं तर उपचाराला वेळ मिळतो आणि पैसे बुडत नाहीत. आखाती देशांसाठीचं अधिकृत मेडिकल ‘वाफिद’च्या वेबसाइटवरून नोंदवलेल्या केंद्रातच होतं. “सेटिंग करून फिट करून देतो” म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. तिकडे उतरल्यावर मेडिकल पुन्हा होतंच, आणि मग मुलगा व्याजानं काढलेल्या पैशांवर गेलेला असतो आणि महिन्याभरात परत येतो.

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. जास्त मागितले तर ई-मायग्रेट पोर्टलवर तक्रार करता येते, पण पावती हवी, म्हणून रोख देऊ नका. आणि घरात पूर्वी कुणाला क्षय होऊन गेला असेल, कार्ड सापडत नसेल, तर जिथे कोर्स झाला त्या दवाखान्याच्या क्षय विभागात अर्ज देऊन नोंदीचा उतारा आत्ताच मागून ठेवा. त्या अर्जाचा मजकूर दुकानात तयार आहे, मी तो फुकट देतो.